नांगरलेल्या जहाजांच्या किनाऱ्याने

भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली लाँच मुंबई बंदराच्या मधोमध आली की दोन्ही बाजूंना उभी असलेली मोठी जहाजं दिसू लागतात. काही माल भरल्यामुळे पार खाली बसलेली, काही रिकामी म्हणून उंचच उंच, तळाचा तांबडा रंगसुद्धा पाण्याबाहेर. प्रवासी दोन-चार फोटो काढतात आणि पुन्हा गप्पांना लागतात. जहाज उभं आहे म्हणजे ते निवांत आहे, असं किनाऱ्यावरच्या माणसाला वाटतं. पण जहाज हाकण्याइतकंच ते भर पाण्यात एका जागी धरून ठेवणं हेही मोठं कसब आहे, आणि त्या कसबाच्या खुणा आपल्या किनाऱ्यावर मुंबईपासून मालवणपर्यंत पसरलेल्या आहेत. त्या बघायच्या म्हणून मी लाँचनं, एसटीनं, फेरीबोटींनी आणि मिळतील तिथे मच्छीमारांच्या होड्यांतून हा किनारा उतरत गेले.

लाँचवर शेजारी बसलेले काका निवृत्त बोसन निघाले. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. जहाज नांगर टाकतं तेव्हा चीफ ऑफिसरबरोबर हा अगदी पुढे, नाळेवर उभा असतो. मी जहाजांकडे टक लावून बघते आहे हे पाहून ते म्हणाले, "ताई, तो पुढच्या काठीवरचा काळा गोळा बघा. तो असला म्हणजे समजायचं, बोट नांगरावर आहे."

हा काळा गोळा जगभरातल्या समुद्रांवर एकच अर्थ सांगतो. जहाजांच्या टकरी टाळण्यासाठी १९७२मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नांगरलेल्या जहाजानं दिवसा पुढच्या भागात तो दाखवायचा असतो. रात्री त्याच्या जागी चारही बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा, आणि मोठ्या जहाजाला मागच्या टोकाशी थोड्या कमी उंचीवर दुसरा. शंभर मीटर किंवा त्याहून लांब जहाजानं डेकवरचे दिवेही लावायचे असतात. गेटवेवरून रात्री दूरवर झगमगणारी जी जहाजं आपण बघतो, त्यांचा तो थाटमाट नसतो, तो नियम असतो. धुकं पडलं तर दर मिनिटाला पाच सेकंद पुढे घंटा वाजवायची आणि लांब जहाज असेल तर लगेच मागे झांज वाजवायची, म्हणजे येणाऱ्याला दोन्ही टोकांचा अंदाज येतो.

काकांना मी विचारलं, इतकं मोठं धूड एका नांगरानं कसं धरून राहतं? त्यांनी मान हलवली. "नांगर एकटा काय धरणार? साखळी धरते."

हे मी आधी पुस्तकात वाचलं होतं, पण त्यांनी बोटांनी हवेत साखळीची वळणं काढून दाखवली तेव्हा ते डोळ्यांसमोर आलं. मोठ्या मालवाहू जहाजाचा नांगर दहा-पंधरा टनांचा असू शकतो. हजारो टनांच्या जहाजापुढे हे वजन नगण्यच. नांगराचं खरं काम तळाच्या चिखलात नखं रुतवण्याचं. ती नखं रुतलेली राहावीत यासाठी त्याच्यावरची ओढ तळाला समांतर, आडवी असावी लागते. ओढ वर जाऊ लागली की नखं उपटली जातात. म्हणून पाण्याच्या खोलीच्या पाच-सहा पट साखळी सोडतात. तिचा बराचसा भाग तळावर पसरून पडतो, उरलेला कमानीसारखा झोळ घेत जहाजापर्यंत चढतो. वाऱ्याचा झोत आला की जहाज मागे रेटलं जातं, झोळ थोडा ताणला जातो, तळावरच्या काही कड्या उचलल्या जातात, आणि झोत ओसरला की साखळी स्वतःच्या वजनानं जहाजाला पुन्हा पुढे घेते. नांगरापर्यंत धक्का पोहोचतच नाही.

साखळी मोजायचं माप आहे शॅकल. एक शॅकल म्हणजे पंधरा वाव, साडेसत्तावीस मीटर. एक वाव सहा फुटांची, दोन्ही हात पसरल्यावर भरणारी. आपल्या कोळ्यांचं आणि विलायती दर्यावर्द्यांचं हे माप एकाच शरीरावरून आलेलं आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. प्रत्येक शॅकल पुढच्या शॅकलला खास कडीनं जोडलेली असते आणि त्या जोडाच्या दोन्ही बाजूंच्या कड्यांवर पांढरा रंग देतात. जोडापासून कितव्या कडीवर रंग आहे, यावरून किती शॅकल बाहेर गेल्या ते कळतं. साखळी सुसाट सुटलेली, गंजाचा आणि वाळलेल्या चिखलाचा धुरळा उडतोय, कान बधिर झालेत, अशा वेळी बोसन त्या पांढऱ्या कड्यांवर नजर ठेवून ब्रेक आवळत असतो. नाळेवरच्या ज्या यंत्रावर हा ब्रेक असतो ते विंडलास. त्याच्या दातेरी चाकात साखळीची एकेक कडी बसते. खाली साखळीची कोठी असते आणि साखळीचं शेवटचं टोक तिथे अशा खिळीनं अडकवलेलं असतं, की प्राणावर बेतलं तर ती खिळी बाहेरून ठोकून काढता यावी आणि नांगर साखळीसकट समुद्राला देऊन जहाज मोकळं करता यावं. सोडण्याआधी जमलं तर साखळीला बोया बांधतात, म्हणजे पुढे शोधून ती परत मिळवता येते.

नांगर टाकणं म्हणजे थांबून लोखंड खाली सोडणं, असं नव्हे. जहाज पाण्याच्या ओढीला तोंड देत हळू पुढे येतं, ठरल्या जागी वेग मारतं, किंचित मागे सरकू लागतं, आणि मग नांगर सुटतो. मागे सरकताना साखळी तळावर सरळ पसरली पाहिजे. एकाच जागी ढीग पडला तर नांगराभोवती ती गुरफटते. ठरलेली साखळी सुटली की ब्रेक घट्ट करतात. साखळी ताणली जाते, मग सैल पडते, जहाज थोडं पुढे येऊन स्थिरावतं. तेव्हा नाळेवरून कप्तानाला कळवतात, की नांगर धरला. तोवर ब्रिजवर, म्हणजे जहाज हाकतात त्या कक्षात, कोणी हुश्श करत नाही.

मुंबई बंदरात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चार-साडेचार मीटरनं चढतं-उतरतं आणि दर सहा तासांच्या आसपास त्याची दिशा उलटते. दिशा उलटली की नांगरलेली सगळी जहाजं हळूहळू वळतात आणि नव्या ओढीला तोंड करून उभी राहतात. लांब दाव्यानं खुंटीला बांधलेली गाय जशी खुंटीभोवती फिरते, तसं प्रत्येक जहाज आपल्या नांगराभोवती फिरत असतं, आणि त्या फेऱ्याच्या आत दुसरं कोणी असता कामा नये. म्हणून ही जहाजं एकमेकांपासून इतकी अंतर राखून असतात. त्या दिवशी एक रिकामं जहाज बाकीच्यांपेक्षा वेगळ्याच दिशेला तोंड करून होतं. काकांनी कारण सांगितलं: भरलेलं जहाज पाण्याचं ऐकतं, रिकामं वाऱ्याचं. पाण्याबाहेरची त्याची भिंत इतकी मोठी असते, की वाराच त्याला वळवतो.

उभ्या जहाजांजवळ बार्जेस लागलेल्या दिसल्या. मोठ्या जहाजांतून कोळसा आणि लोहखनिज बार्जेसमध्ये उतरवून धरमतर खाडीतून आत नेतात, कारण ती जहाजं खाडीत शिरू शकत नाहीत. म्हणजे नांगरावरचं जहाज हे स्वतःच एक गोदी झालेलं असतं. शिवाय ब्रिजवर चोवीस तास पहारा असतो. नांगर सरकतो आहे का, हे किनाऱ्यावरच्या दीपस्तंभांच्या दिशा घेऊन, रडारवर आणि जीपीएसवर सतत तपासतात. जुने खलाशी ताणलेल्या साखळीवर हात ठेवतात. तळावरून नांगर घसटत असेल तर साखळीतून थरथर वर येते.

कुठे नांगर टाकायचा नाही, हेही नकाशावर आखलेलं असतं. मुंबईच्या समुद्रातून तेलाच्या आणि वायूच्या वाहिन्या उरणकडे येतात, वर्सोव्याला समुद्राखालच्या दूरसंचार केबली किनाऱ्याला लागतात. २००८च्या सुरुवातीला दुबईजवळ तुटलेली एक केबल दुरुस्त करायला गेलेल्या जहाजाला तिथे कुणीतरी सोडून दिलेला पाच-सहा टनांचा नांगर सापडला होता. त्या आठवड्यात इतरही केबली तुटल्या होत्या आणि भारतातलं इंटरनेट रखडलं होतं.

रेवसला काकांचा निरोप घेतला आणि मुरूड, दिघी, बाणकोट अशी खाड्या ओलांडत हर्णैला पोहोचले.

हर्णैला बंदर म्हणतात, पण मोठं धक्क्याचं बंदर नसताना पिढ्यान्‌पिढ्या इथला व्यवहार नांगरावर चालत आला आहे. समोर सुवर्णदुर्ग, मध्ये उथळ पाणी, आणि त्यात रंगीत निशाणं लावलेल्या मच्छीमार नौकांची दाटी. मासळी छोट्या होड्यांतून आणि बैलगाड्यांतून वाळूवर येते, तिथेच लिलाव होतो. बर्फ, डिझेल, पाणी त्याच वाटेनं परत नौकांवर जातं. पाजपंढरीच्या एका तांडेलांनी, म्हणजे नौकेच्या कप्तानांनी, मला त्यांच्या नौकेवर नेलं. नांगर म्हणजे दांडी आणि तिला चार वाकडी लोखंडी नखं, स्थानिक लोहारकामाचा. त्याला आधी काही वाव साखळी जोडलेली आणि तिथून पुढे जाड दोर.

"सगळा दोरच का नाही लावत?" मी विचारलं.

"दोर हलका. वर उचलतो नांगराला. साखळी पायथ्याला पडून रावते, मग नांगर हलत नाय."

मुंबईच्या बोसननं सांगितलेलं गणित इथे वेगळ्या शब्दांत भेटलं. जुन्या काळी या किनाऱ्यावरच्या गलबतांचे दोर काथ्याचे असत. काथ्या खाऱ्या पाण्यात कुजत नाही, ताणाला लवचीक असतो, पण तरंगतो. म्हणून नांगराला स्वतःचं वजन जास्त हवं असे. साखळी ही तशी अलीकडची गोष्ट. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सॅम्युएल ब्राउन या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्यानं लोखंडी साखळीचा आग्रह धरला आणि काही दशकांत तागाच्या जाड दोरांची सद्दी संपली. नांगराचं रूपही त्याच शतकात बदललं. नौदलाच्या कचेऱ्यांसमोर आणि गोद्यांच्या फाटकांशी रंगवून ठेवलेले जुने नांगर आठवा. त्यांच्या दांडीच्या वरच्या टोकाला एक आडवा दांडा असतो, आणि तो खालच्या दोन फाळांना काटकोनात असतो. नांगर तळावर पडला की हा आडवा दांडा जमिनीवर सपाट बसायला बघतो, त्यामुळे खालचा एक फाळ आपोआप चिखलात घुसतो. रचना अतिशय सुंदर, पण डेकवर चढवून ठेवायला महाकटकट. त्याच्या जागी आलेल्या, आडवा दांडा नसलेल्या नांगराची दोन्ही नखं बिजागरीवर एकदम फिरतात आणि नांगर थेट जहाजाच्या नाळेतल्या भोकात ओढून घेता येतो. आजच्या मोठ्या जहाजांच्या नाळेवर दोन्ही बाजूंना चिकटून बसलेले दिसतात ते हे. पकड जुन्यापेक्षा कमी, सोय मात्र कितीतरी जास्त. मला विचाराल तर समुद्रावरचे पुष्कळसे बदल असे सोयीसाठीच झाले.

तळ कसला आहे, यावर तांडेल बराच वेळ बोलले. चिकट चिखल सगळ्यात चांगला. रेती चालते. पातळ गाळात नांगर लोण्यातून सुरी फिरावी तसा निघून येतो, असं ते म्हणाले. खडक सर्वांत वाईट, कारण नखं रुततच नाहीत आणि कपारीत अडकली तर सुटत नाहीत, दोर कापावा लागतो. पूर्वी खोली मोजायच्या शिशाच्या वजनाला खालून चरबी लावत. तळाची रेती किंवा चिखल तिला चिकटून वर येई आणि नांगर टाकावा की नाही ते ठरे. आता नकाशे आणि यंत्रं आहेत, पण हर्णैच्या तांडेलांना आपल्या खाडीचा तळ पाठ आहे. वादळाचा इशारा आला, की इथल्या नौका आंजर्ल्याच्या खाडीत आसऱ्याला जातात, कारण हर्णैचं बंदर उघडं आहे. नव्या धक्क्याची मागणी इथे किती जुनी आहे आणि किती रास्त आहे, हे दक्षिणेकडून वारा सुटल्यावर दहा मिनिटं या वाळूवर उभं राहिलं तरी समजतं.

रत्नागिरीत मिऱ्याला गेले ते एका जहाजासाठी. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा ‘बसरा स्टार’ नावाचं जहाज रत्नागिरीजवळ आसऱ्याला होतं. नांगर त्याला धरू शकला नाही आणि ते मिऱ्याच्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्यावर येऊन आदळलं. माणसं वाचली, जहाज काही वर्षं तिथेच गंजत राहिलं. पुढच्याच वर्षी तौक्ते वादळात याहून फार भयंकर घडलं. १७ मे २०२१ रोजी बॉम्बे हाय या तेलक्षेत्राजवळ कामगारांच्या निवासाची ‘पी-३०५’ ही बार्ज नांगर तुटून वाहवत गेली, तेलविहिरीच्या एका फलाटावर आपटली आणि बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. नौदलानं खवळलेल्या समुद्रातून १८६ जणांना काढलं, सत्तरहून अधिक गेले. तिला स्वतःचं इंजिन नव्हतं. नांगर सुटले, की तिच्या हातात दुसरं काहीच उरलं नाही. इंजिन असलेल्या जहाजाचा नांगर सरकू लागला तर ते आणखी साखळी सोडतं, दुसरा नांगर टाकतं, इंजिन चालू करून ओढ कमी करतं, आणि शेवटी नांगर उचलून खोल समुद्रात निघून जातं. खऱ्या वादळात किनाऱ्याजवळ नांगरावर राहण्यापेक्षा खोल पाणी सुरक्षित असतं. म्हणूनच इशारा वेळेवर मानणं, हा या सगळ्या विद्येचा पहिला धडा आहे, आणि ‘पी-३०५’वर तो न मानल्याची किंमत ज्यांनी मोजली, त्यांच्या हाती निर्णय नव्हता.

विजयदुर्गावर वेगळी आठवण. फेब्रुवारी १७५६मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि रॉबर्ट क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांच्या या किल्ल्यावर हल्ला केला, तेव्हा आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आसऱ्याला, वाघोटन नदीच्या मुखाशी एकमेकांना बांधून उभं होतं. इंग्रजांचा एक पेटता गोळा त्यातल्या एका जहाजावर पडला. आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि संध्याकाळपर्यंत ते आरमार राख झालं. पश्चिम किनाऱ्यावर पन्नासहून अधिक वर्षं दरारा ठेवणारी जहाजं लढताना बुडाली नाहीत, उभ्या जागी जळाली. आणि या मोहिमेत पेशव्यांचं बळ इंग्रजांच्या बाजूला होतं, ही गोष्ट बुरुजावर उभं राहून खाडीकडे बघताना आजही बोचते.

मालवण हा माझा शेवटचा मुक्काम. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्गाचा पाया घातला. बेटाभोवती पाण्याखाली आणि पाण्यालगत खडकांचं जाळं आहे. त्यातून वाट काढणारा स्थानिक नावाडी सोबत नसेल तर मोठं जहाज किल्ल्याजवळ येऊच शकत नाही, आणि परक्याला इथे नांगर टाकणंही धोक्याचं. जागेची निवड किती विचारपूर्वक होती, हे नांगराच्या अंगानं बघितलं की आणखी पटतं.

पण मला मालवणला खेचलं होतं दगडांनी. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या सागरी पुरातत्त्वज्ञांना सिंधुदुर्गाजवळच्या समुद्रात दगडी नांगर सापडले आहेत. गुजरातेत द्वारका आणि बेट द्वारका इथे तर ते मोठ्या संख्येनं मिळाले. त्यातला एक प्रकार ‘इंडो-अरब’ म्हणून ओळखला जातो. चौकोनी छेदाचा, वर निमुळता होत जाणारा उंच दगडी खांब. वरच्या टोकाजवळ एक गोल भोक, दोरासाठी. खालच्या जाड भागात दोन चौकोनी भोकं, एकमेकांना काटकोनात. त्यांतून लाकडी फाळ आरपार घालत. दगड वजन देई, लाकूड तळात रुते. असेच नांगर ओमानच्या किनाऱ्यावर आणि पूर्व आफ्रिकेतही मिळतात. मध्ययुगात आपल्या किनाऱ्यावरून अरबी समुद्रापार किती घट्ट व्यापार चालत होता, याचा हा दगडातला पुरावा आहे. लाकडी जहाजं कुजून गेली, काथ्याचे दोर गेले, फाळ गेले, आणि उरला तो फक्त हा खांब.

अडचण अशी, की खांब ओळखू येत नाही. जुन्या बंदरांच्या गावी असे दगड पायरीला, उंबऱ्याला, भिंतीत चिणलेले किंवा विहिरीकाठी कपडे धुवायला वापरलेले असू शकतात. लोखंडी नांगर भंगारात जातो, दगडी नांगर बांधकामात. कोकणात जुनी घरं पाडण्याचा आणि किनाऱ्यालगत रस्ते रुंद करण्याचा सध्याचा वेग बघता त्यातले कित्येक आपल्या डोळ्यांदेखत खडी होऊन जातील.

म्हणून किनाऱ्याच्या गावांत राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या वाचकांना विनंती आहे. कमरेएवढा किंवा त्याहून लांब, चौकोनी घडीव दगड दिसला, वरच्या टोकाला गोल भोक आणि खाली काटकोनात दोन चौकोनी भोकं असली, तर तो हलवू नका, घासू नका, शेंदूर लावू नका. जागेसकट त्याचा फोटो काढा, शेजारी मोजपट्टी ठेवा, आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या रत्नागिरी कार्यालयाला किंवा दोना पावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेला कळवा. समुद्रात पोहताना असा दगड दिसला किंवा जाळ्यात आला तर जिथे मिळाला ती जागा लिहून ठेवा, कारण दगडाइतकीच ती जागाही पुरावा आहे.